मी सिस्टिम झाले त्याची गोष्ट

फार जुनी गोष्ट नाही, मागच्याच वर्षीची. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत एक म्हातारा, एक म्हातारी, त्यांचा मुलगा आणि मुलाची बायको अशी चार माणसं राहत होती. म्हातारा रिटायर झालेला होता. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत जात होता. सून दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावत होती. म्हातारी काय करत होती याची नोंद कुठेही नव्हती. ती म्हातारी मी.

नोंद नव्हती तोवर बरं चाललं होतं. नोंद करायला घेतली आणि घराचा विचका झाला, तो कसा ते सांगते.

आमच्या चिरंजिवांचं काम असं, की लोकांकडे जायचं, तुम्हाला काय हवंय ते विचारायचं आणि नीट कागदावर उतरवायचं. मग त्या कागदाबरहुकूम कंपनीतले बाकीचे लोक सॉफ्टवेअर बांधतात. ऐकायला सोपं आहे. पण ज्या मुलाला चौतीस वर्षांत स्वतःच्या आईला काय हवंय ते विचारायचं सुचलं नाही, त्याला कंपनीने नेमकं हेच काम का द्यावं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. (जन्मला तेव्हा रडला तेवढंच. ते काही विचारणं नव्हे.)

त्याला एका मोठ्या लाँड्रीचं काम मिळालं होतं. शंभर घरांचे कपडे रोज येतात, धुऊन, इस्त्री होऊन जातात, तर त्याचं सगळं कॉम्प्युटरवर आणायचं. चिरंजिवांनी महिनाभर खपून कागद केला. लाँड्रीच्या मालकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "छान आहे. पण ही माझी लाँड्री नाही." काय चुकलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "ते मला सांगता आलं असतं तर मी तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" दुसरा कागद केला. तोही परत आला. तेव्हा साहेबांनी आमच्या मुलाला केबिनमध्ये बसवून सांगितलं, की तिसरा कागद परत आला तर त्याच्याबरोबर तू परत येऊ नकोस.

मुलगा अजून नोकरीत कायम नव्हता. राहतं घर कंपनीचं. नोकरी गेली की घर गेलं, आणि घर गेलं की सुनेच्या माहेरी माडीवरची एक खोली. तिथे स्वयंपाकघर एकच आहे आणि त्यात सुनेची आई आधीपासून उभी आहे. तेव्हा तो तिसरा कागद मान्य व्हावा असं माझ्याइतकं मनापासून कोणालाच वाटत नव्हतं, अगदी मुलालासुद्धा.

साहेबांनी त्याला तीन दिवसांच्या शिबिराला धाडलं. तिथे यूज केस नावाची विद्या शिकवतात. शुक्रवारी घरी आला तो डोळे चकाकत होते. जेवताना म्हणाला, "लाँड्रीवर जाण्याआधी एकदा घरावर हात बसवून बघतो."

एवढंच म्हणाला. मीही म्हटलं, बसव बाबा. त्या वेळी मी त्याला थांबवलं असतं तर आज ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

शनिवारी सकाळी त्याने चार मोठे कागद चिकटपट्टीने जोडून बैठकीच्या भिंतीवर लावले. मधोमध एक मोठा चौकोन काढला आणि वर लिहिलं, 'घर'. मग आम्हा तिघांना समोर बसवलं.

"हा चौकोन म्हणजे सिस्टिम," तो म्हणाला. "सिस्टिमच्या बाहेर असतात ते ॲक्टर. सिनेमातले नव्हेत. सिस्टिमकडून ज्याला काहीतरी हवं असतं तो ॲक्टर. त्याला काय हवंय ते एकेका लंबगोलात लिहायचं. एक लंबगोल म्हणजे एक यूज केस."

मग त्याने चौकोनाच्या बाहेर काड्यांची माणसं काढली. एक तो स्वतः. एक सून, तिला पर्स दिली. एक बाबा. दूधवाला. लिफ्टवाला. प्रत्येकापासून रेघा निघून चौकोनातल्या लंबगोलांकडे गेल्या. सर्वांत जास्त रेघा आमच्या ह्यांच्या निघाल्या, एकूण सात. रिटायर झाल्यापासून हे खुर्चीतून उठले ते फक्त दुसऱ्या खुर्चीत बसायला, आणि कागदावर बघावं तर घरातला सर्वांत उद्योगी माणूस. सकाळचा चहा मिळवणे. पेपर मिळवणे. दुसरा चहा मिळवणे. चष्मा शोधणे.

"शोधणे नको लिहूस," हे म्हणाले. "सापडणे लिही. शोधत मी नसतो."

मुलाने खोडून 'सापडणे' लिहिलं. "बघ, गरज अशी बाहेर येते," तो बायकोला म्हणाला.

मी सगळ्या काड्या पुन्हा एकदा मोजल्या. "आणि मी रे कुठे?"

मुलगा टोपण लावत होता. "आई, तू ॲक्टर नाहीस."

"का?"

"ॲक्टरला सिस्टिमकडून काहीतरी हवं असतं. तुला काय हवं असतं?" असं म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता चौकोनावर बोट ठेवलं. "तू इथे आत आहेस. तू सिस्टिम आहेस. एका अर्थाने हे सगळं तूच."

"आई, हा मानच झाला," सून म्हणाली.

"दूधवाला बाहेर, आणि मी आत?"

"त्याला रिकाम्या बाटल्या परत हव्या असतात."

"त्या धुऊन दाराबाहेर कोण ठेवतं?"

"सिस्टिम," मुलगा म्हणाला. अगदी प्रेमाने म्हणाला.

नंतर तो एकेक यूज केस पायरी पायरीने लिहायला बसला. बाबा चहा मागतात. सिस्टिम चहा देते. बाबा चहा पितात. झालं. मी म्हटलं, अरे, साखर, दूध, ह्यांना एक कप फिका लागतो नि दुसरा नाही, ते? तर म्हणाला, "ते आतलं झालं. आतलं लिहायचं नसतं. आत कसं होतं याच्याशी ॲक्टरला देणंघेणं नसतं."

चाळीस वर्षं मी ज्या गोष्टीवर रडत होते, ती या मुलाने एका वाक्यात मांडली, आणि तीसुद्धा तीन दिवसांच्या शिबिरावर.

"आणि सिस्टिमचं कसं असतं," तो पुढे म्हणाला, "जे लिहिलंय ते ती करते. जे लिहिलेलं नाही ते करत नाही. म्हणून नीट लिहावं लागतं."

हे वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवलं. मला वाचायला वेळ लागतो, पण ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही.

रविवारपासून मी सिस्टिम झाले.

सकाळी ह्यांनी चहा मागितला. मी चहा दिला. ह्यांनी एक घोट घेतला आणि कपात बघितलं.

"साखर नाही यात."

"कागदावर नाही."

"कोणत्या कागदावर?"

मी भिंत दाखवली. हे चष्मा मागू लागले. चष्मा सापडण्याची यूज केस होती, म्हणून चष्मा दिला. वाचून म्हणाले, "इथे चहा गरम असावा असंही लिहिलेलं नाही."

"म्हणूनच पटकन घ्या. उद्याचं सांगता येत नाही."

सोमवारी सून दवाखान्यात पोचली आणि गळ्यातलं ओळखपत्र नाही म्हणून परत आली. ते मी रोज तिच्या चपलेवर ठेवत असे, म्हणजे पाय घालताना दिसतं. चार वर्षं तिला वाटत होतं की तिला स्वतःलाच आठवतं. मंगळवारी टाकीचं पाणी वाहून जिन्यात गेलं, कारण मोटर बंद करणारं माणूस कागदावर नव्हतं. बुधवारी लिफ्टवाला येऊन बेल वाजवून गेला. ॲक्टरने बेल वाजवणे लिहिलेलं होतं. पुढची पायरी लिहायची राहिली होती. आम्ही दोघं बेल ऐकत बसलो. हे म्हणाले, "दार." मी म्हटलं, "हो, दारच आहे ते."

ह्यांची रक्तदाबाची गोळी मात्र मी वेळेवर दिली. सूड उगवायलाही समोर माणूस जिवंत लागतो.

मुलाचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. तो रोज सकाळी लाँड्रीत जायचा आणि तिथल्या माणसांना प्रश्न विचारायचा. लॅपटॉप उघडला की माणसं बोलायची बंद होतात, असं शिबिरात सांगितलं होतं, म्हणून त्याने हाताएवढी एक वही घेतली होती आणि तिच्यात पेनाने भराभर लिहायचा. संध्याकाळी जेवताना सांगायचा, आज काउंटरवरचा असं म्हणाला, आज गाडीवाला तसं म्हणाला. आम्ही अळणी भाजी खात ऐकायचो. (मीठ घालणे लिहिलेलं नव्हतं. मीठ मागितलं असतं तर दिलं असतं. पण तिघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघत खात होते. मी नाराज आहे हे कळत होतं. आपल्यावर असेल असं एकालाही वाटत नव्हतं.)

गुरुवारी तो लाँड्रीतून आला तो वाफेने आणि घामाने चिंब. कपडे टोपलीत टाकले नि अंघोळीला गेला.

शुक्रवारी सकाळी मी मशीन लावायला घेतलं. भिंतीवर त्याचं लिहिलेलं होतं : मुलगा कपडे टोपलीत टाकतो. सिस्टिम कपडे धुते. मुलगा कपाटातून कपडे घेतो.

आता खरं ते सांगते, कारण खोटं रचायला जास्त वेळ लागतो. माझा हात त्याच्या पँटच्या खिशाकडे गेला होता. सवयीनेच गेला. चाळीस वर्षं या घरातला एक रुमालही मी खिसा तपासल्याशिवाय भिजवलेला नाही. बोटांना आत काहीतरी टणक लागलं. मी भिंतीकडे बघितलं. कागदावर खिसा नव्हता. मी हात मागे घेतला आणि पँट मशीनमध्ये टाकली.

तासाभराने झाकण उघडलं तर आत बर्फ पडलेला. सुनेच्या दवाखान्याच्या काळ्या ड्रेसवर, ह्यांच्या स्वेटरवर, उशांच्या अभ्र्यांवर, जिथे तिथे पांढरे कापसासारखे लगदे. पँटच्या खिशात वहीचं पुठ्ठ्याचं मलपृष्ठ तेवढं राहिलं होतं. ते स्वच्छ निघालं होतं.

बारा वाजता मुलगा ऑफिसमधून धावत आला. दारातूनच म्हणाला, "आई, माझी वही." मी बादली पुढे केली.

मला वाटलं ओरडेल. मी उत्तरं जमवून ठेवली होती, एकाला तीन अशी. पण तो बाथरूमच्या उंबऱ्यावर बसला आणि एकेक लगदा बोटाने उलगडून बघायला लागला. एकावर 'दर मंगळ' एवढं दिसत होतं. "दर मंगळवारी काय?" तो स्वतःलाच विचारत होता. "दर मंगळवारी काय असतं तिथे?"

हे आतून म्हणाले, "तू खिसे तपासले नाहीस?"

"कागदावर नव्हतं."

मुलाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग उठला, बैठकीत गेला, भिंतीसमोर उभा राहून त्या तीन ओळी दोनदा वाचल्या.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "चूक माझी आहे. लिहायला हवं होतं."

त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर मी ताठ मानेने रडले असते. माझी बाजू त्याने माझ्याआधीच घेतली, आता मी काय करायचं? त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नोकरी गेलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता, फक्त चार दिवस आधी. मंगळवारी कागद द्यायचा होता.

संध्याकाळी सून आली, काळा ड्रेस बघितला, सगळं ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आई, माहेरच्या त्या खोलीला खिडकी एकच आहे. ती कोणाच्या पलंगाकडे घ्यायची ते ठरवून ठेवा. माझी आई विचारेल."

"तुझ्या आईचा पलंग कुठे असतो?"

"खालीच. पण ती दिवसभर वर येते."

त्या रात्रीची भाजी मी मीठ घालून केली. कोणी काही म्हटलं नाही. बरोबर असलं की कोणी म्हणत नाही.

शनिवारी सकाळी मुलगा निघाला तेव्हा मी चपला घालून दारात उभी होते.

"तू कुठे?"

"लाँड्रीत. तू रोज जेवताना जे सांगत होतास ते माझ्या डोक्यात आहे. चल, वाटेत सांगते."

त्याला खरं वाटलं नाही. बसमध्ये बसल्यावर मी सुरू केलं. सोमवारी काउंटरवरचा म्हणाला, पावती हरवलेली माणसं दिवसाला पंधरा येतात आणि पंधराही जण म्हणतात मी आयुष्यात पहिल्यांदा हरवली. मंगळवारी गाडीवाला म्हणाला, अकरा नंबरच्या बंगल्यात कुत्रा आहे, तिथे कपडे शेजारी द्यायचे. बुधवारी इस्त्रीवाला म्हणाला, मालकांना सांगू नका पण मोठं मशीन दर मंगळवारी दुपारी बंद ठेवतात, नाहीतर चौथ्या दिवशी बसतं. मुलगा नव्या वहीत लिहीत होता. दोन स्टॉप पुढे गेले तरी त्याची मान वर झाली नाही.

"हे सगळं तू ऐकत होतीस?"

"जेवताना तोंड तुमचं चालू असतं, कान माझे."

लाँड्रीचे मालक जाडजूड, सावकाश बोलणारे गृहस्थ. मला बघून खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. मुलाने खाली बघत सांगितलं, की नोंदी नष्ट झाल्या, पुन्हा थोडं विचारायचंय.

"नष्ट कशा झाल्या?"

"धुतल्या गेल्या. घरी. वही पँटच्या खिशात होती."

मालक हसले. "मग आमच्याकडे टाकायची होती पँट. आमच्याकडे वही वाचली असती."

मुलगा कसनुसा हसला आणि पुढचा प्रश्न विचारायला लागला. मी त्याचा हात धरला.

"का हो वाचली असती?" मी विचारलं.

"आमच्याकडे खिशातली वस्तू मशीनमध्ये जात नाही. माझ्या वडिलांच्या वेळेपासून एक किल्ली हरवलेली नाही. गिऱ्हाईक आमच्याकडे येतं ते त्यासाठीच. कपडे काय, सगळेच धुतात."

"कोण काढतं खिशातलं?"

मालक जरा अडखळले. डोकं खाजवलं. "काढतं म्हणजे... ते होतं. आतलं आहे ते."

मी मुलाकडे बघितलं. मुलाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या दोन्ही कागदांत लाँड्रीचा चौकोन होता, बाहेर मालक, काउंटरवरचा, गाडीवाला, गिऱ्हाईक अशी काड्यांची माणसं होती. खिसा कुठेच नव्हता. मी उठले आणि कोणाला न विचारता आतल्या दारातून मागे गेले.

मागे वाफ, मशीनांचा आवाज, आणि खिडकीखाली एका स्टुलावर माझ्याच वयाची एक बाई. समोर कपड्यांचा ढीग. एकेक कपडा उचलायची, खिसे उलटे करायची, निघालं ते छोट्या पाकिटात टाकायची, कपड्याच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याचे दोन टाके घालायची आणि तसेच दोन टाके पाकिटावर. कोणत्या घराचे कोणते रंग ते तिच्या डोक्यात. मान वर न करता चाललं होतं.

"किती वर्षं झाली?" मी विचारलं.

"बावीस."

"याने तुम्हाला काही विचारलं होतं?" मी मागून आलेल्या मुलाकडे बोट दाखवलं.

तिने त्याला ओळखलं. "साहेब सहासात वेळा आले की. मी दर वेळी उठून स्टूल दिलं बसायला."

मुलाचा चेहरा मशीनमधून काढल्यासारखा झाला. पण लेकरू गुणी, तो जमिनीवर बसला, वही मांडीवर घेतली आणि म्हणाला, "मावशी, माझं चुकलं. हे कॉम्प्युटरवर येणार आहे, तर तुम्हाला त्याच्याकडून काय हवंय?"

मला वाटलं बाई लाजेल. मला काय हवं, म्हणेल. अजिबात नाही. बावीस वर्षं उत्तर तयार ठेवून बसली होती.

"एक म्हणजे, वस्तू निघाली की गिऱ्हाइकाला तेव्हाच कळवता आलं पाहिजे. माणसं घरभर किल्ल्या शोधतात, बायकोशी भांडतात, आणि किल्ली इथे माझ्यासमोर पडलेली असते. दुसरं म्हणजे, ज्याच्या खिशातून निघालं त्याच्याच हातात ते जायला पाहिजे. कपडे न्यायला जो येईल त्याच्या नाही."

"का?"

"साहेब, नवऱ्याच्या खिशातली चिठ्ठी कपडे न्यायला आलेल्या बायकोच्या हातात दिली तर काय होतं ते मी एकदा बघितलंय. काउंटरची काच तेव्हाची नवी आहे. आणि बायकोच्या खिशातलं नवऱ्याला दिलं तरी तेच. सासूच्या खिशातलं सुनेला, सुनेचं सासूला, कधीच नाही. दाताची कवळी असेल तर ती सर्वांदेखत द्यायची नाही. औषध असेल तर त्याच दिवशी गाडीवाल्याबरोबर. अजून सांगू?"

"सांगा," मुलगा म्हणाला. सगळं सुरळीत झालं तर ती मुख्य वाट, ती त्याने एक लिहिली, आणि नाही झालं तर काय त्या आडवाटा एकोणीस.

मी शेजारी उभी राहून ऐकत होते. खरं सांगायचं तर मला त्या बाईचा हेवा वाटला.

मंगळवारी मालकांनी तिसरा कागद हातात घेतला. पहिलं पान उलटलं. दुसऱ्या पानावर चौकोनाच्या बाहेर एक नवी काडीची बाई होती, स्टुलावर बसलेली. तिच्यापासून निघालेल्या सगळ्या रेघा त्यांनी बोट ठेवून बघितल्या. मग म्हणाले, "हां. ही माझी लाँड्री." आणि सही केली. (हे मी बघितलेलं नाही. मुलाने जेवताना सांगितलं.)

घरी येऊन मुलाने आधी भिंतीवरचे कागद काढले. नवे लावले. चौकोन काढला, बाहेर काड्यांची माणसं काढली, आणि सर्वांत पुढे एक बाई काढली, डोक्यावर अंबाडा असलेली. अंबाडा जरा मोठा झाला होता, पण मी काही बोलले नाही.

"आई, ही तू. आता सांग, तुला या घराकडून काय हवंय?"

तिघेही माझ्याकडे बघत होते. ह्यांनी तर पेपर खाली ठेवला. चाळीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघितली होती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मी या प्रश्नाची एवढी उत्तरं दिली होती की एखादी वही भरली असती. आणि आता तोंड उघडलं तर एक आठवेना.

"तुमचं सगळं नीट चाललंय ना, मग मला काय," मी म्हटलं.

"हे लंबगोलात बसत नाही, आई."

"भाजी निवेल, आधी जेवून घ्या."

"हे पण नाही."

सून म्हणाली, "त्या लाँड्रीतल्या बाईंनी लगेच सांगितलं म्हणे."

ते मात्र लागलं. मी डोळे मिटून नेट लावला आणि म्हटलं, "दुपारी दोन ते चार मला कोणी हाक मारू नये."

मुलगा एवढा खूश झाला की त्याने लंबगोल दुहेरी रेघेने काढला. सुनेने मान डोलावली. ह्यांनी विचारलं, "चार म्हणजे बरोबर चार?" त्यांनाही समज देण्यात आली.

रविवारी पहिला दिवस. दोन वाजता मी खोलीचं दार लोटून आडवी झाले. बाहेर इतकी शांतता, की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. सगळे चवड्यांवर चालत होते. कोणी हाक मारली नाही. मी छताकडे बघत होते. अंग सैल सोडायचं म्हणतात ते कसं सोडतात हे मला माहीत नव्हतं, पण प्रयत्न चालू होता.

सव्वादोनला स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. हे होते, पावलांवरून कळलं. झाकण लागलं. दुसरं उघडलं. तो तांदळाचा डबा. तिसरं. ते मीठ. मी कूस बदलली. चौथं उघडलं, ती डाळ. मग गॅसचं बटण फिरलं, खटखट झाली, पेटला नाही, पुन्हा खटखट. पाचवं झाकण उघडलं आणि पुन्हा मिठाचाच डबा. चमचा आत बुडल्याचा आवाज आला. चहात मीठ पडणार होतं, तेही रक्तदाबवाल्या माणसाच्या.

मला कोणी हाक मारली नाही. हे मी शपथेवर सांगते. मी आपली आपण उठले, स्वयंपाकघरात गेले, ह्यांच्या हातातला चमचा काढून घेतला, साखरेचा डबा डावीकडून काढून समोर ठेवला, गॅस पेटवला, आणि उठलेच आहे म्हणून चौघांचा चहा टाकला. तोवर मुलगा आणि सून दारात येऊन उभे राहिले होते.

मुलगा बैठकीत गेला. त्याने त्या दुहेरी लंबगोलाखाली बारीक अक्षरात लिहिलं : आडवाट एक. आई स्वतःच उठते. मग पेन्सिल कानावर ठेवून माझ्याकडे वळला.

"अडचण झाली, आई," तो म्हणाला. "ज्याला हवंय तो बाहेर, जो देतो तो आत. तू स्वतःच उठून द्यायला लागलीस तर तुला बाहेर कसं ठेवू?"

"मग?"

"मला विद्येशी प्रामाणिक राहायला हवं," तो म्हणाला आणि खोडरबर शोधायला लागला. ते मीच काढून दिलं, टेबलाच्या दुसऱ्या खणात असतं.

पुढच्या सोमवारी साहेबांचं पत्र आलं. पगार वाढला, घर आमच्याकडेच राहिलं, माडीवरची खोली टळली. सुनेने मिठाई वाटली, ह्यांनी दोन वेळा खाल्ली. देवाने आमच्या घराकडे एकदाचं बघितलं : मुलगा नोकरीत कायम झाला, आणि मी चौकोनात.